महर्षी कर्वे आणि त्यांचे मान्यता नसलेले विद्यापीठ

आपल्या मंडळाला यंदा २५ वर्षे पूर्ण होत आहेत. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाण्याची यादी आणि माहेरची पत्रे यापलीकडे मी कधी काही लिहिलेले नाही. पण बाई ऐकणाऱ्या नव्हेत. त्यांनी मंडळाच्या कपाटातून महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आत्मचरित्र काढून माझ्या हाती दिले, आणि दुपारी अर्धा अर्धा तास वाचा म्हणाल्या. मी वाचू लागले. मग त्यांच्यावरची आणखी दोन पुस्तके मागून घेतली. अण्णांना, म्हणजे महर्षींना, जाऊन आता साठांहून अधिक वर्षे लोटली. तरी वाचताना मला असे वाटू लागले की, आमच्या घरात गेल्या वर्षी जे घडले त्याचाच उलगडा मला कोणी करून सांगत आहे.

ते काय घडले हे आधी सांगते, कारण त्यात माझाही दोष आहे.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला पुढे शिकायचे होते. एका शहरात एका संस्थेची जाहिरात वाचून आम्ही तिघी चौकशीला गेलो. इमारत काचेची, फरशी आरशासारखी, कागदावर लांबलचक इंग्रजी नाव. तीन वर्षांत पदवी मिळेल असे तिथल्या बाईंनी सांगितले. जाऊबाई माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मी म्हटले, संस्था चांगली दिसते, नाव घालून टाका. मोठी जाऊ म्हणून माझा शब्द त्यांनी मानला. पाटल्या मोडून फी भरली. मुलगी तीन वर्षे शिकली, पदवीचा कागदही मिळाला. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायला गेली तेव्हा कळले की, त्या संस्थेला पदवी देण्याचा अधिकारच नव्हता. तिचे नाव कोणत्याही मान्य विद्यापीठाशी जोडलेले नव्हते. मुलीची तीन वर्षे गेली, पाटल्या गेल्या. जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्याचेच मला अधिक लागले. त्या दिवशी तिथे काय विचारायला हवे होते हेच मला ठाऊक नव्हते.

असे मन घेऊन मी अण्णांचे चरित्र वाचायला बसले.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. घर मुरूडला, दापोलीजवळ समुद्रकाठी. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झाल्यावर शिक्षकाची किंवा लहानशी सरकारी नोकरी मिळे. १८७५ साली ती परीक्षा देण्यासाठी अण्णा सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. पावसाळ्याचे दिवस, कुंभार्ली घाट, शंभरावर मैलांची वाट. पाय सुजवून ते वेळेवर पोचले खरे, पण परीक्षेला बसायला सतरा वर्षे पूर्ण लागत आणि अण्णा अंगाने लहानखुरे. वय कमी दिसते म्हणून परीक्षकांनी त्यांना बसू दिले नाही. आल्या वाटेने ते परत गेले. पुढल्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा पास झाले. नंतर इंग्रजी शिकत शिकत मॅट्रिक झाले तेव्हा ते २३ वर्षांचे होते, आणि लग्नही होऊन गेले होते. १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. उशिरा शिकणाऱ्याला किती दारांवर थांबावे लागते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

१८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. आपल्या मित्राची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा विवाह झाला आणि गोदूबाईंची आनंदीबाई झाली. मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्याचा जाच मागे राहिलेल्या घरच्या माणसांनाही सोसावा लागला.

पण लग्न लावून देऊन विधवेचा प्रश्न सुटत नाही, तिला तिच्या पायांवर उभे केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. लोकांनी विश्वासाने मुली पाठवाव्यात म्हणून पुनर्विवाहाच्या चळवळीपासून त्यांनी आश्रम अलग ठेवला. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला, तेव्हा तिथे एक झोपडी आणि भोवती माळ होता. अण्णा कॉलेजात शिकवून संध्याकाळी आश्रमासाठी सामान घेऊन चिखलातून पायी तिकडे जात. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या लिहावाचायला शिकल्या. पुढे त्यांनी आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवली, आणि १९१८ साली तुटपुंज्या इंग्रजीवर अमेरिकेला जाऊन तेथे घरकाम करीत राहिल्या. ही एक ओळ वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसले.

आता विद्यापीठाची गोष्ट. ती समजण्यासाठी विद्यापीठ म्हणजे काय हे मला प्रथम समजून घ्यावे लागले. माझी समजूत अशी होती की, कॉलेज मोठे झाले म्हणजे त्याचे विद्यापीठ होते. तसे नाही. १८५७ साली इंग्रज सरकारने कायदे करून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे लंडनच्या धर्तीवर तीन विद्यापीठे काढली. ती स्वतः शिकवीत नसत. शिकवीत ती निरनिराळी कॉलेजे. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई, आणि पदवी देई. कॉलेज विद्यापीठाला जोडलेले असावे लागे, त्यालाच संलग्न म्हणतात. मॅट्रिकची परीक्षासुद्धा त्या काळी विद्यापीठच घेई, कारण तो विद्यापीठाचा उंबरठा होता. म्हणजे स्वयंपाक एकीकडे, आणि पदार्थ जमला की नाही हे सांगणारी सासूबाई दुसरीकडे! कायद्याने अधिकार दिल्यावाचून ही पदवी कोणालाही देता येत नसे.

या घराचे दार बायकांना पुष्कळ उशिरा उघडले. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली मुलींना पदवीची वाट मोकळी केली. पण दार उघडले तरी आत जाणार कोण? सर्व शिक्षण इंग्रजीतून. कॉलेज शहरात, रोज हजर राहायला हवे. मुलींची लग्ने बाराव्या-तेराव्या वर्षी होत. ज्यांच्या घरी पैसा आणि मोकळीक होती अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली पुढे गेल्या. हिंगण्याच्या विधवांना आणि आपल्यासारख्या घरप्रपंचातल्या बायकांना ते दार नुसते लांबून पाहण्यापुरतेच होते.

१९१५ साली अण्णांच्या हाती बनारसहून आलेली एक पुस्तिका पडली. ती टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयी होती. ते १९०१ साली निघाले होते. त्या वर्षअखेर मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अण्णा अध्यक्ष होते. तेथेच त्यांनी हिंदुस्थानातही बायकांचे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते आणि कॉलेजातून निवृत्त झालेले होते. नातवंडे खेळवण्याच्या वयात माणसाने असे काही डोक्यात घ्यावे, याचे मला फार नवल वाटले.

त्यांचे मुख्य विचार सोपे होते. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून ठेवावा. घर आणि आरोग्य यांचे शास्त्रही अभ्यासात असावे. आणि जिला कॉलेजात येता येत नाही, तिला घरी अभ्यास करून परीक्षेला बसता यावे. यांपैकी शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. घरी बसलेल्या बाईचाही विचार करून विद्यापीठाचा नियम लिहिणारा मनुष्य त्या काळी निपजला, हे आपले भाग्यच.

सरकार परवानगी देईल तेव्हा सुरू करू, असे म्हणून ते थांबले नाहीत. वर्गणीदारांचा मतदारसंघ करून त्यातून विद्यापीठाची सभा निवडली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. ३ जून १९१६ रोजी पहिली सभा भरली आणि जुलैत हिंगण्याला कॉलेज सुरू झाले. विद्यार्थिनी किती? पाच! पदवीचे नावही निराळे ठेवले. बी. ए.च्या जागी गृहीतागमा, म्हणजे जी. ए., आणि त्यापुढची प्रदेयागमा. त्याच सुमारास बनारसचे हिंदू विद्यापीठही निघाले, पण त्याच्या पाठीशी १९१५ सालचा सरकारी कायदा होता. अण्णांच्या पाठीशी तसे काही नव्हते.

पैसा गावोगाव हिंडून, रुपया-दोन रुपये करून जमत होता. १९२० साली मुंबईचे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्याच्या व्याजाचे वर्षाला ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळावयाचे होते. तेव्हापासून त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. आपण एस. एन. डी. टी. म्हणतो, ते नाव एका आईचे आहे. १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, अण्णा विद्यापीठाची माहिती सांगण्यासाठी आणि निधी जमवण्यासाठी जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान पाहून आले आणि मग आफ्रिकेलाही गेले. टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९३६ साली आपल्या विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले.

पण इतके होऊनही पदवीला सरकारमान्यता नव्हती. त्या काळी पदवीची खरी किंमत सरकारी नोकरीच्या दारात होई, आणि तिथे जी. ए.ला मान नव्हता. आईबाप विचारीत की, मग या पदवीचा उपयोग काय? सुधारकांपैकीही काहींना वाटे की, बायकांसाठी निराळे विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ. मुलींनी मुलांच्या शेजारी बसून तोच अभ्यास करावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. आज आपल्या मुली सर्वत्र मुलांच्या बरोबरीने शिकतातच. पण जिला शेजारी बसायलाच मिळत नव्हते, तिचे काय, याचे उत्तर त्या वेळी अण्णांनीच दिले.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली मुंबई सरकारने या विद्यापीठासाठी कायदा केला आणि १९५१ साली ते कायद्याने मान्य विद्यापीठ म्हणून काम करू लागले. पहिल्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी झाल्या. १९१६ पासून मोजले तर ३५ वर्षे झाली होती. ५८ व्या वर्षी लावलेल्या झाडाला फळ आले तेव्हा अण्णा ९३ वर्षांचे होते, आणि आनंदीबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. गंमत अशी की, ज्या टोकियोच्या विद्यापीठावरून त्यांनी हे काढले, त्यालाही त्यांच्या देशाच्या कायद्याने विद्यापीठाचा दर्जा १९४८ सालीच मिळाला होता.

इथे माझ्या मनात एक प्रश्न आला, आणि त्याने मला दोन-तीन दिवस सोडले नाही. अण्णांच्या विद्यापीठाला मान्यता नव्हती. आमच्या पुतणीच्या संस्थेलाही मान्यता नव्हती. मग एकाला महर्षी म्हणायचे आणि दुसऱ्याला बोल लावायचा, हे कसे?

विचार करता करता मला उत्तर सापडले. अण्णांनी मान्यता नाही ही गोष्ट कोणापासून लपवली नाही. पदवीचे नावसुद्धा निराळे ठेवले, बी. ए. म्हणून खपवली नाही. विद्यार्थिनींच्या फीवर कोणी श्रीमंत झाले नाही. उलट, अण्णांनी स्वतःचे आयुष्य त्यात घातले. हिशेब लोकांपुढे मांडले. आणि मुख्य म्हणजे, मान्यतेची गरज नाही असे त्यांनी कधी मानले नाही. कायदा व्हावा म्हणून ते शेवटपर्यंत धडपडले. जिथे दारच नव्हते तिथे त्यांनी दार केले. आमच्या त्या संस्थेने दार असताना भिंतीवर दाराचे चित्र काढले, आणि त्याचे पैसे घेतले.

म्हणून, भगिनींनो, मला उशिरा कळले ते तुम्हांला वेळेवर कळावे यासाठी लिहिते. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. त्याप्रमाणे आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे. पहिली, संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे. काही खासगी विद्यापीठेही राज्याच्या कायद्यानेच निघालेली आहेत. दुसरी, केंद्र सरकारने विद्यापीठासमान मानलेल्या, म्हणजे अभिमत, संस्था. तिसऱ्या, आय. आय. टी.सारख्या, ज्यांना संसदेने खास अधिकार दिला आहे. बाकी कॉलेज कितीही मोठे असो, पदवी विद्यापीठाचीच असते. तेव्हा मुलीचे नाव घालताना इमारत पाहू नका. पदवी कोणते विद्यापीठ देणार, ते कोणत्या कायद्याने स्थापन झाले आहे, आणि हे कॉलेज त्याला संलग्न आहे याचा कागद दाखवा, एवढे तीन प्रश्न विचारा. पत्राने किंवा दूरस्थ शिकायचे असेल तर त्या अभ्यासक्रमाला वेगळी परवानगी आहे का, हेही विचारा. आयोग खोट्या विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत आला आहे. ती मुलांकडून मोबाईलवर काढून घ्या. विचारायला लाजू नका. मी लाजले, त्याचे मोल एका मुलीने दिले.

अण्णांचा पुढे फार मोठा सन्मान झाला. बनारस, पुणे आणि मुंबई या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे आयुष्य पुरे करून, ते पुण्यात शांतपणे गेले. पण मला या सर्व मानसन्मानांपेक्षा साताऱ्याहून रिकाम्या हाताने परत निघालेला तो सतरा वर्षांचा मुलगाच अधिक आठवतो. त्याने परत येऊन पुढल्या वर्षी पुन्हा वाट धरली.

आमच्या पुतणीने यंदा एका मान्य विद्यापीठाच्या कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातले आहे. या खेपेस कागद तिने स्वतः वाचले आणि मीही वाचले. तिच्या फीसाठी मी भिशीचे पैसे जाऊबाईंच्या हाती ठेवले. त्या नको म्हणाल्या, पण शेवटी घेतले.

आणि एक गोष्ट सांगावी की नाही, असे दोनदा मनात आले, पण सांगते. मी दहावीच्या परीक्षेसाठी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सोय आज सरकारच देते. घरात मुलांना हसू येते, ह्यांना काळजी वाटते, आणि मला गणिताची भीती वाटते. पुतणी रोज रात्री भांडी झाल्यावर मला बीजगणित शिकवायला येते. पास होईन की नाही ते परमेश्वर जाणे. नाही झाले, तर पुढल्या वर्षी पुन्हा बसेन.

मंडळाच्या सर्व भगिनींना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.